नदीकाठची ती

आज तुला 'तू' म्हणते. पस्तीस वर्षं 'अहो' आणि 'तुमी' म्हणून झालं. लोकांसमोर, मुलीसमोर, अगदी दवाखान्यात तुझ्या उशाशी उभी राहूनही 'तुमी'च म्हटलं. पण 'तुमी' म्हणून मला भांडता येत नाही, आणि मला तुझ्याशी भांडायचं आहे. तू जाऊन महिना झाला. भेटायला येणाऱ्यांची रीघ थांबली, मुक्ता तिच्या घरी परत गेली. आता कोणी अडवणारं नाही.

आधी तुझ्या शोकसभेचं सांगते. तुझ्याच कॉलेजच्या हॉलमध्ये झाली. मला पहिल्या रांगेत बसवलं. ज्यांनी तुझ्या तिन्ही संग्रहांना प्रस्तावना लिहिल्या ते तुझे मित्र बोलायला उठले. विरहाच्या कविता पुष्कळांनी लिहिल्या, पण एका अप्राप्य स्त्रीशी जन्मभर इतका एकनिष्ठ राहिलेला कवी अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नाही, असं ते म्हणाले. मग ती नदी, तो घाट, तो ओला दगड, पाण्याकडे धावत येणारी ती बाई, सगळं त्यांनी क्रमाने सांगितलं. तुझ्या कवितेत पायऱ्या चढून वर गेल्यावर नदी लागते, ही त्यांच्या मते आत्म्याची ऊर्ध्वगती होती. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनींचं मन मोठं. त्या सावलीला घरात जागा देऊन त्यांनी संसार केला."

हॉलमधून हळहळ उमटली. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, वहिनी रडतात. मी दात आवळून बसले होते. नवऱ्याच्या शोकसभेत मला माझ्या सवतीच्या वतीने शाबासकी मिळाली होती आणि ती मी मान लववून घेतली होती.

हे पहिल्यांदा झालं असंही नाही. तुझा पहिला संग्रह आला तेव्हापासून मी हे ऐकत होते. अर्पणपत्रिकेत एकच शब्द होता, 'तिला'. शाळेच्या स्टाफरूममध्ये बायका डोळे मिचकावून विचारायच्या, ती तुम्हीच का हो? मी हसायचे. मी गणिताची मास्तरीण; मला दोन बाजू जुळवून पाहायची सवय. नदीकाठावर तुझ्यासोबत मी कधीच उभी राहिले नव्हते. लग्नानंतर आपण राहिलो त्या अकोल्याची मोर्णा उन्हाळ्यात नदी म्हणावी अशी राहत नाही आणि पावसाळ्यात तिच्या काठावर कोणी फिरायला जात नाही. तू हिवरखेडचा, काळ्या मातीत वाढलेला. म्हणजे ही नदी तू दुसऱ्या कुठल्या तरी गावी पाहिलेली, लग्नाआधी, दुसऱ्या कोणाबरोबर. माझं उत्तर तयार झालं होतं. पुढे ते मी कधी तपासून पाहिलं नाही, आणि गणितात मी मुलींना हेच कधी करू दिलं नसतं.

विचारलं फक्त एकदा. तुमच्या स्टाफची सहल चिखलदऱ्याला गेली होती. बाकीचे भुट्टे घ्यायला थांबले आणि आपण दोघंच कड्यापाशी राहिलो. खालच्या दरीतून धुकं वर येत होतं. तू ते पाहत होतास, आणि तुझ्या तोंडावरून मला कळलं की आता घरी गेल्यावर कविता होणार. मी विचारलं, ती कोण आहे? तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. म्हणालास, "कोनी बाई नाही वं ते. प्रतिमा असते."

त्या वर्षी माझ्या वर्गात प्रतिमा नावाच्या दोन मुली होत्या. मी तुला तेवढंच सांगितलं. तू हसलास, मीही हसले, आणि भुट्टे आले. आपलं त्या विषयावरचं सगळं बोलणं एवढंच. दुसरा नवरा असता तर 'तूच' असं खोटं तरी बोलला असता. तू खोटंही बोलला नाहीस आणि खरंही बोलला नाहीस.

खाटेचं सांगायला हवं. ते आपण कधीच बोललो नाही.

अमरावतीला येऊन आपल्याला दुसरं वर्ष होतं. मुक्ता चार वर्षांची. मला सातवा महिना लागला आणि एका सकाळी सगळं संपलं. तू त्या लहानग्याला घेऊन एकटा गेलास आणि एकटा परत आलास. तुझ्या नखांत माती होती. मला तुझ्या हातांकडे बघवेना, म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं. तू ते पाहिलंस. कुठे पुरलंस ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. त्यानंतरचे पंधरा दिवस तू माझं जे केलंस, ते मी विसरलेले नाही. माझी लुगडी तू धुतलीस. मुक्ताची वेणी घालायला शिकलास. हिवरखेडहून आलेल्या तुझ्या आईने तोंडाला पदर लावला, तर तू त्यांना सांगितलंस की धुणं मीच धुणार. असं करणारा पुरुष मी माझ्या माहेरी पाहिला नव्हता. हे उपकार नव्हेत, माया होती, आणि ती मला कळत होती.

मग मी महिनाभर अकोल्याला आईकडे राहून आले. परत आले तेव्हा तुझी खाट पुढच्या खोलीत होती. तू म्हणालास, "तुले आराम पडन." मला वाटलं, आठ दिवसांसाठी असेल. आठ दिवसांनी मी काही बोलले नाही, कारण मला वाटलं तू बोलशील. महिन्याने तू तिथे टेबल मांडलंस. वर्षभराने पुस्तकांचं कपाट आलं. मग ती 'सरांची खोली' झाली. घर बांधलं तेव्हा तू नकाशातच ती वेगळी काढलीस, पुढे तुझी, मागे माझी, मध्ये बैठक. गवंड्यासमोर मी तुला काय विचारणार होते?

आपण वाईट नांदलो नाही. हे सगळ्यांना सांगते, तुलाही सांगते. भांडी आपटली नाहीत, अबोला धरला नाही. तू बाजारातून माझ्यासाठी बिनकाट्याची वांगी शोधून आणायचास. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तू दवाखान्यात जमिनीवर झोपलास. पण तुझा हात माझ्या पाठीवरून फिरला नाही, तो नाहीच फिरला. मी चाळिशीची झाले, पन्नाशीची झाले. एकाच छपराखाली राहून माणसाची ओढ लागते हे कोणाला सांगणार? मैत्रिणींनी वेड्यात काढलं असतं. त्या वयातल्या बाईने असलं काही बोलायचं नसतं, आणि तू बोलायचास ते कागदाशी.

एक दुपार तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. मे महिना होता, शाळेला सुट्टी होती, मुक्ता मामाकडे. बाहेर लू चालली होती. तू तुझ्या खोलीत काही तरी हलक्या आवाजात म्हणून पाहत होतास, लिहिताना म्हणायचास तसं. मी कैरीचं पन्हं केलं आणि दोन पेले घेतले. एरवी एक द्यायचे. आज आपण त्याच्याजवळ बसायचं, असं ठरवून गेले. दार लोटलेलंच होतं. मी पायाने ढकललं. तू दचकलास आणि कागदावर हात ठेवलास. पंजा पसरून, सगळ्या ओळी झाकतील असा.

मी एक पेला टेबलावर ठेवला आणि दुसरा घेऊन परत आले. तू "बस ना" म्हणाला असशील. मला ऐकू आलं नाही, किंवा तू म्हणाला नाहीस. त्या दिवसानंतर मी त्या खोलीत झाडायला जायचे तेवढीच. तुझी एकही कविता मी मुद्दाम उघडून वाचली नाही. कार्यक्रमात कानांवर पडतील तेवढ्या पडल्या. नवऱ्याची प्रेमपत्रं दुसरीच्या नावाने असतील, तर ती का वाचायची?

आता वैशाली आली होती ते सांगते. तुला आठवत असेल, अचलपूरच्या कॉलेजात मराठी शिकवते, चाळिशीची, दोनदा आपल्याकडे जेवून गेलेली. तुझ्या कवितेवर प्रबंध लिहिते आहे. आज सकाळच्या एसटीने आली. सुरुवातीला तुझ्याबद्दल बोलली, रडली. मग पिशवीतून तुझे तिन्ही संग्रह काढले. पानापानाला चिठ्ठ्या लावलेल्या. मी आधीच सांगून टाकलं की त्या बाईबद्दल मला काही माहीत नाही, विचारायचं असेल तर सरांच्या मित्रांना विचार.

ती म्हणाली, बाईबद्दल नाही विचारत काकू, जागेबद्दल विचारते. तिला सरांची नदी पटत नव्हती. घाटाच्या पायऱ्या नदीकडे उतरतात. सरांच्या कवितेत चौदा पायऱ्या चढल्यावर नदी लागते. नदीकाठी गार वाटतं. इथे पाणी पडलं की दगड चर्रकन श्वास सोडतो. आणि बंद दारांमागे येतो तसा ओल्या वाळ्याचा वास या नदीला सारखा का येतो? तिने एक पान उघडून माझ्यासमोर धरलं आणि साधेपणाने विचारलं, "काकू, तुमी लोक आधी कुठं राहत होते?"

मी चष्मा लावला आणि वाचलं.

*चौदा पायऱ्यांच्या वर
एक नदी राहते.
पहिलं पाणी पडताच
दगड श्वास सोडतो.
ती धावते,
पाऊल टेकतं न टेकतं,
आणि ओल्यावर येऊन हसते.*

ही नदी नव्हतीच. ही अकोल्याची गच्ची होती.

तू लिहिलं नाहीस ते मी वैशालीला सांगितलं. लग्नानंतरची पहिली तीन वर्षं आपण अकोल्यात भाड्याच्या वरच्या दोन खोल्यांत राहत होतो. गच्चीला चौदा पायऱ्या होत्या. बाळंतपणात आई मला एकेक मोजत चढवायची. अकोल्याचा उन्हाळा, दिवसभर तापलेला स्लॅब. ऊन कललं की तू खालच्या हौदातून बादल्या भरून वर न्यायचास आणि स्लॅबवर पाणी ओतायचास. तव्यावर शिंपडावं तसा आवाज व्हायचा, वाफ उठायची. मला कधी धीर नसायचा. मी अनवाणीच वर यायचे आणि ओरडायचे की माहे पाय भाजून राहिले. तू म्हणायचास, "धाव मंग. इकडे ये, ओल्यावर." मी टाचा उचलत पळत तुझ्यापर्यंत यायचे आणि तू मला धरायचास. तिथेच तू मला सांगितलं होतंस की आपण दोघंच असू तेव्हा 'तू' म्हणत जा. मी म्हणायचे. दुपारी खिडकीला वाळ्याची ताटी असायची. ती भिजवून, दार लावून आपण आतल्या खोलीत असायचो. बाहेर गाव भाजून निघत असायचं. पुढचं मी वैशालीला सांगितलं नाही. तिला कळलं.

तुझ्या मित्रांनी ज्याला ऊर्ध्वगती म्हटलं ती घरमालकाची गच्ची होती. ज्या बाईला चालीवरून कोणी हरिणी म्हटलं, कोणी नर्तकी, तिचे पाय भाजत होते.

वैशालीला आनंद लपवता येईना. प्रबंध सापडला होता तिला. ती म्हणाली, काकू, म्हणजे तुम्हीच की हो, पहिल्यापासून शेवटपर्यंत तुम्हीच. तिला वाटलं मी सुखाने रडेन. मी उठून स्वयंपाकघरात गेले, चहाचं आधण ठेवलं, आणि ओट्याला धरून उभी राहिले. मला इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता. दुसरी बाई असती तर परवडलं असतं. तिच्याशी मी तीस वर्षं मनातल्या मनात तडजोड केली होती. माझ्याच जागी तू मला उभी केलीस, माझ्याच पायांनी पळवलीस, आणि मला कळू दिलं नाहीस.

ती चार वाजता जायची होती. मी तिला म्हटलं, तू थोडी आडवी हो, मी वाचते. आणि बसले. तिन्ही पुस्तकं एका बैठकीत वाचली. माझ्यासारख्या गणितवाल्या बाईला कवितेतलं काय कळणार, असं तू मानायचास. मला सगळं कळलं. कारण त्यात सगळ्या वस्तू माझ्या होत्या.

पहिल्या पुस्तकात पाणी पायांखाली आहे. दुसऱ्यात ते लांब जातं. नदी ऐकू येते, दिसत नाही. काठावर मातीचा एक लहान उंचवटा आहे, तिथे कवितेतला तो माणूस रोज एकटा जातो आणि 'तिला' सांगत नाही. ते वाचून मी पुस्तक मिटलं. कितीतरी वेळाने परत उघडलं. म्हणजे तू जात होतास. शेवटपर्यंत जात होतास. मला घेऊन गेला असतास तर? आपण दोघं तिथे बसलो असतो, रडलो असतो, आणि मग कदाचित तुझी खाट परत आत आली असती.

तिसऱ्या पुस्तकात ती पलीकडच्या काठावर गेलेली आहे. शेवटच्या पानावर 'पात्र' नावाची कविता आहे.

*दहा पावलांचं पात्र.
पाणी आटून वर्षं झाली.
पलीकडे तिचा दिवा अजून जळतो.
मी काठावर
चपला काढून बसलो आहे.*

मी उठले. तुझ्या खोलीच्या दारापासून माझ्या खोलीच्या दारापर्यंत चालत गेले. बैठक ओलांडायला दहा पावलं लागली. परत आले, पुन्हा दहा. वैशाली जागी होऊन मला पाहत होती, पण मला लाज वाटली नाही.

कोरडं होतं ना पात्र? तूच लिहिलंस ना, आटून वर्षं झाली म्हणून? मग चालत यायचं होतं. पोहावं लागणार नव्हतं, भिजणार नव्हतास. चपला काढल्यास आणि बसून राहिलास? आणि ते बसणं इतकं चांगलं लिहिलंस की लोक त्यावर भाषणं करतात. दिवा जळतो हे तुला दिसत होतं. मी वह्या तपासत असेन असं वाटायचं का तुला? दर परीक्षेला मुलींच्या किती वह्या असतात, आणि त्यांना किती वेळ लागतो, हे तुला ठाऊक नव्हतं? हरवलेल्या बाईसाठी तू तीस वर्षं झुरलास आणि ती बाई तुझ्या डब्यात पोळ्या बांधत होती.

आणि त्या दुपारी तुझ्या पंजाखाली कोणती कविता होती, तेही आता मला जवळजवळ कळतं. तुझा हात बाजूला सारण्याइतका हक्क मला होता. मी सारला नाही. पेला घेऊन परत फिरले. दहा पावलं माझ्याही बाजूने दहाच होती; एवढं गणित मला येतं. पण ती कविता माझी होती, हे माहीत असतं तर मी आले असते. तुला माहीत होतं. म्हणून तुझा अपराध मोठा आहे. हे मी ठरवलंय, आणि तू उलट उत्तर द्यायला नाहीस म्हणून ते बदलणार नाही.

जाण्याआधी वैशालीने भीत भीत विचारलं, हे सगळं, म्हणजे गच्ची, अकोला, प्रबंधात लिहू का? सरांनी आयुष्यभर जे झाकलं ते उघडं करायचा हक्क आपल्याला आहे का? घरच्या बाईची परवानगी असल्याशिवाय ती एक ओळ लिहिणार नव्हती.

मी क्षणभर तुझा विचार केला. तुला आवडलं नसतं. तुझी नदी, तुझं धुकं, सभेतली ती हळहळ, सगळं जाणार होतं आणि त्या जागी एक तापलेला स्लॅब येणार होता. मग मी तिला म्हटलं, "लिही. पण अर्धं नको लिहू. ती बाई जित्ती होती, त्याच घरात होती, अन् तिले एकही कविता कोनं वाचून दाखवली नाही, हेही लिही."

ती वहीत लिहून घेऊ लागली. मग वही बाजूला ठेवली आणि विचारलं, "मी वाचू काकू, तुमच्यासाठी?" मी हो म्हटलं. तिने चौदा पायऱ्यांची कविता वाचली, सावकाश, तिच्या अचलपुरी बोलीतला हेल ओळींत तसाच ठेवून. चांगली वाचली. कविता खरोखर चांगली आहे, हे मी तुला आज पहिल्यांदा सांगते आहे. मला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी तुझा परत संताप आला, कारण बाईला तिच्यावरची कविता परक्या माणसाच्या तोंडून, नवऱ्याच्या तेराव्यानंतर ऐकावी लागली.

तिला स्टँडवर सोडून मी रिक्षाने परत आले. कुलूप काढलं. मागे माझ्या खोलीकडे न जाता तुझ्या खोलीत गेले. तुझ्या खाटेवर बसले. इतक्या वर्षांत त्या खाटेवर मी कधी बसले नव्हते, चादर बदलायला वाकले असेन तेवढीच. घरात कोणी नव्हतं, म्हणून मोठ्याने विचारलं, आपण अकोल्यात बोलायचो तसं.

"काहून नाही आला तू? मी जागीच होती."